रोल संपला की देतो

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते आमच्या घरी येऊन बघावं. माझे सासरे, अख्खं रोहा गाव ज्यांना दाजी म्हणायचं, ते जिवंत होते तोवर त्यांच्या फोटोंपायी आमच्या दारात भांडणं व्हायची. कुणाचं डोकं कापलेलं, कुणाचे डोळे मिटलेले, नवरीपेक्षा मागचा टेबलफॅन झळझळीत. नवरीचा बाप तणतणत आला की दाजी मागच्या दाराने चहाला सटकायचे आणि पुढे शिव्या खायला उभी कोण, तर मी. आता त्यांना जाऊन तीन वर्षं झाली आणि तेच दाजी थोर कलावंत झाले. माझा दीर हर्षद याने तसं मोबाईलवर चार लोकांत लिहून टाकलं, म्हणजे झालंच ते खरं.

हर्षदभाऊजींची एक वेगळीच तऱ्हा. दुकानात धंदा काय, तर पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. पण स्वतःला म्हणवतात सिनेमॅटोग्राफर. कुंडलिकेच्या काठावर नवरा-नवरीला धावायला लावायचं आणि वर ड्रोन घोंगावत ठेवायचा, याला हे सिनेमा म्हणतात. माझा नवरा धाटावला कंपनीत शिफ्टला असतो, त्यामुळे दुकानाचा खरा गाडा मी ओढते आणि मान हलवायला भाऊजी बसतात.

तर दाजींनी काढलेल्या या फोटो स्टुडिओला यंदा पन्नास वर्षं झाली. भाऊजींनी कार्यक्रम ठरवला. दाजींचा जुना रोलचा कॅमेरा काचेच्या पेटीत ठेवायचा, खाली पाटी लावायची ‘दाजींचा तिसरा डोळा’. अहो, होते ते दोन डोळे तरी नीट कुठे वापरले त्यांनी! आणि उद्घाटनाला कोण, तर हैबतराव. हे गृहस्थ वीस वर्षं या ना त्या निवडणुकीला उभे राहतात आणि सात-आठ महिने आधीपासून त्यांना गोरगरिबांची आठवण यायला लागते. सध्या तो आठवणींचा हंगाम चालू आहे.

मी मूळची पेणची, मृणाली. लग्नाआधी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे, आणि माझ्या दत्तामामाचा पेणला फोटोचा धंदा होता, त्याच्या डार्करूममध्ये लुडबुडत मोठी झाले. त्यामुळे कॅमेरा पुसायचं काम माझ्याकडे आलं. मुख्य कारण अर्थात हे की पुसायचं काम या घरात दुसरं कुणी करत नाही.

आता जानीबद्दल सांगते. जानी कातकरवाडीवरची. आमच्या दुकानासमोर रानभाज्यांची टोपली घेऊन बसते. कधी शेवळं, कधी कंटोळी, कधी नुसती कुड्याची फुलं. वीस वर्षांपूर्वी हैबतरावांनी त्यांच्या वाडीवरच्या शाळेत वह्या वाटल्या होत्या, तेव्हाही निवडणूक होती हे वेगळं सांगायला नको. फोटो काढायला दाजी गेले होते. पहिली वही जानीच्या राणीला मिळाली, कारण राणी वर्गात पहिली आली होती. जानी स्वतः तिथे नव्हती, कुणाच्या तरी शेतावर लावणीला गेलेली. त्याच पावसाळ्यात राणी काविळीने गेली. आठ-नऊ वर्षांची पोर. तिचा दुसरा एकही फोटो कुठे नाही.

तेव्हापासून दाजी दिसले की जानी विचारायची, “दाजी, माज्या राणीचा फोटू?” आणि दाजींचं उत्तर ठरलेलं, “रोल संपला की देतो.”

ही एक खास आमच्या सासऱ्यांची रीत. रोल महाग, धुणावळ महाग, तेव्हा रोलमधले सगळे फोटो काढून झाल्याशिवाय तो धुवायला टाकायचा नाही. बाकीच्या फोटोग्राफरांचंही तसंच असायचं, पण ते निदान दोन फोटो मांजराचे काढून रोल संपवायचे. दाजी चिकट. त्यात हैबतराव पडले निवडणुकीत आणि वह्याही विसरले, फोटोही विसरले. मग दिवाळीत दाजींनी डिजिटल कॅमेरा घेतला आणि जुना गेला कपाटात. पण जानीला उत्तर तेच. रोल संपला की देतो. कसला डोंबलाचा रोल संपतोय!

मी एकदा जानीला म्हटलं होतं, “मावशी, सोड आता. नसेल तो फोटो.” तर ती म्हणाली, “सोडला आसता गो बाय. पन आता तिचं तोंड नीट येत नाय डोल्याम्होरं. डोलं मिटले तर धाकट्या पोराचंच तोंड येतं. राणीचं आदी यायचं, आता पुसत चाल्लंय.” मी तिच्याकडून पावशेर कंटोळी घेतली आणि दुकानात आले.

तर मी कॅमेरा पुसायला घेतला. डाव्या बाजूला रोल परत गुंडाळायची चकती असते, ती सहज फिरवली. रिकाम्या कॅमेऱ्यात ती गरागरा फिरते. ही जड लागली. आत रोल होता!

मी खालचं बटण दाबलं, सावकाश गुंडाळला, शेवटाला सुटल्यासारखं हाताला कळलं, मगच मागचं दार उघडलं. डबी हातात आली. आणि तिच्यामागून आल्या अक्षता. तांदळाचे पाच-सहा दाणे, आपट्याचं वाळलेलं पान आणि कुंकवाचा भुगा.

“आई,” मी सासूबाईंना हाक मारली, “कॅमेऱ्यात अक्षता कशा?”

गिरजाबाई, माझ्या सासूबाई, जपाची माळ बाजूला न ठेवता म्हणाल्या, “कशा म्हंजे? दसऱ्याला पूजा नको हत्यारांची? तिजोरीचं दार उघडून पुजतो आपण, तसाच ह्यो उघडून पुजायचा. लक्ष्मी आत कशी जाईल बंद दारातून?”

“दाजी असताना उघडायचे?”

“ते हातच लावू देत नव्हते कुणाला. आता हर्षद करतो सगळं साग्रसंगीत.”

भाऊजी तिथेच होते. मी विचारलं, “भाऊजी, उघडलात तेव्हा आत काही दिसलं नाही?”

“काहीतरी काळं चकचकीत होतं, वहिनी. मला वाटलं मशीनचाच भाग असेल.”

मशीनचा भाग! तीन दसरे. तीन वर्षं दरसाल या सिनेमॅटोग्राफरने भर उजेडात दार उघडून फिल्मवर हळदीकुंकू वाहिलं, निरांजन ओवाळलं आणि नमस्कार करून बंद केलं. फिल्मला एक उजेड सोडला तर कशाचीच भीती नसते हो. आणि आमच्या घरात नेमकं तेवढंच भक्तिभावाने केलं गेलं.

“देवाच्या कामानं कदी काय खराब होत नाय,” सासूबाई म्हणाल्या.

“तुम्ही माळ ओढा,” मी म्हटलं. त्या रागावल्या, पण मला आता पर्वा नव्हती.

डबी मुठीत धरून मी दारात आले तर समोर जानी. तिने माझी मूठ बघितली, मग माझं तोंड बघितलं. वीस वर्षं जी बाई रोल रोल ऐकत आली, तिला रोल ओळखू येणार नाही होय?

“ह्योच काय गो त्यो?”

“हाच असावा. पण मावशी, आशा धरू नकोस. खराब झालाय.”

“पयली वही राणीला दिल्याली,” ती म्हणाली. “पयलीच.” एवढंच बोलून तिने टोपली सारखी केली.

दुसऱ्या दिवशी दुकान भाऊजींच्या गळ्यात मारून मी पेणला निघाले. एसटी खांब गावापर्यंत बरी गेली, पुढे हायवे म्हणवणारा तो जो काही प्रकार आहे त्याने हाडं खिळखिळी केली. पिशवी मी मांडीवरून खाली ठेवली नाही. वडखळला गाडी अडकली तेव्हा शेजारची बाई म्हणाली, “एवढं काय गो जपून नेतेस, सोनं हाय काय?” मी म्हटलं, “नाही, आमच्याकडच्या शहाण्यांचं कर्तृत्व आहे.” तिने आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

दत्तामामा आता सत्तरीचा. तोंडाचा फाटका आणि त्याचा त्याला अभिमान. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुझ्या दिराला माझ्याकडे घेऊन ये. त्याची पाठ उघडून मी हळदीकुंकू वाहतो.”

“मामा, वाचेल का काही?”

“वाचेल तर सुरुवातीचं. फोटो काढत जाशील तशी फिल्म आत गुंडाळत जाते. पहिले फोटो सगळ्यात आत, त्यांच्यावर बाकीच्यांचे वेढे. उजेड वरच्या वेढ्यांना खातो. त्या पोरीचा फोटो पहिला असला तर नशीब.”

त्याने न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी ठोकली, दाराच्या फटीत साडी कोंबली. माझ्या मामीची, तीही न विचारता. रोल होता रंगीत, पण त्याचं रसायन आता कोण ठेवतं, आणि इतक्या वर्षांनी त्यात रंग तरी कुठला उरलाय. मामाने काळ्यापांढऱ्याच्या रसायनात धुवायचं ठरवलं. अंधारात त्याने फिल्म उजेड न शिरणाऱ्या डब्यात चढवली, मग दिवा लावून डबा हलवत बसला आणि हलवता हलवता पेणमधल्या झाडून सगळ्या फोटोग्राफरांना नावं ठेवली. मेलेल्यांनाही सोडलं नाही. मी ऐकत होते की नाही कोण जाणे. मला फक्त ती पोर हवी होती. आयुष्यात मला इतकं काही हवंसं वाटल्याचं आठवत नाही.

फिल्म बाहेर काढली तर जवळजवळ सगळी काळीठिक्कर. मामाने ती दोरीवर लावली, खालचं टोक खिडकीसमोर धरलं आणि म्हणाला, “ये इकडे. आहे गो आहे!”

सुरुवातीचे चार फोटो वाचले होते. निगेटिव्हमध्ये माणसाचे केस पांढरे आणि दात काळे दिसतात. काळ्या दातांनी हसणारे हैबतराव मला पहिल्यांदाच खरे दिसले.

मामाच्या जुन्या स्कॅनरवर आम्ही पहिला फोटो उलटवून मोठा केला. हळूहळू पडद्यावर उतरला तो. मध्ये हैबतराव, गळ्यात हार, हातात वही पुढे केलेली. डावीकडे मुख्याध्यापक, उजवीकडे दोन कार्यकर्ते, मागे आणखी कोण कोण. सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे, सगळे हसतायत. आणि पुढे एक बारकी पोर वही घ्यायला हात वर करून उभी. दोन वेण्या, रिबिनी, फ्रॉकला पाठीवर हूक नाहीत म्हणून लावलेल्या दोन पिना.

पाठ. नुसती पाठ.

दुसरा फोटो बघितला, दुसरं पोर, पाठ. तिसरा, चौथा, पाठ आणि पाठ. मला इतका संताप आला की मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले. “ए मामा, एकाच्याही डोक्यात येऊ नये? तिला जरा इकडे वळव म्हणायला काय जिभेला काटे आले होते?”

“वाटपाचा फोटो असाच काढायचा असतो,” मामा शांतपणे म्हणाला. “देणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे. घेणाऱ्याचं कशाला? मीही असेच काढले, शेकड्याने काढले.” आणि त्याला त्यात काहीच वाटत नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, तूही त्यातलाच मेल्या.

रोह्याला आले तर भाऊजी दारातच. त्यांनी मोबाईलवर फोटो बघितला आणि उडीच मारली. “वहिनी, हे सोनं आहे सोनं! दाजींचा शेवटचा रोल! आणि हैबतराव किती तरुण!” मी चपला काढेपर्यंत फोटो हैबतरावांकडे पोचलासुद्धा. तिकडून लगेच फोन. मोठी फ्रेम करा, कार्यक्रमात अनावरण ठेवा, मी ‘माझे आदिवासी बांधव’ यावर बोलेन.

“त्या पोरीच्या आईचं काय?” मी विचारलं.

“तिला चेहरा पाहिजे ना? दोन मिनिटं द्या.” भाऊजींनी मोबाईलवर बोटं फिरवली, आणि खरोखर दोन मिनिटांत त्या पाठीला एक तोंड आलं. गोरंपान, गालाला खळी, पापण्या अशा की त्यांनी वारा घालावा. मी गणपतीचेही डोळे इतके मोठे आखले नव्हते कधी. “बघा वहिनी, तंत्रज्ञान!” माणसाने किती मूर्ख असावं याला काही धरबंद आहे की नाही?

मी थांबवायच्या आत ते बाहेर गेले आणि मोबाईल जानीच्या नाकासमोर धरला. “घे मावशी, तुझी राणी.”

जानीने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग समजुतीने म्हणाली, “चांगली हाय. कुनाची?”

भाऊजी आत गेले. मी तिच्याजवळ बसले आणि कागदावर काढलेला फोटो दिला. तिने लुगड्याला हात पुसले, दोन्ही हातांनी फोटो घेतला. तिचं बोट त्या पिनांवर जाऊन थांबलं. “ह्या मीच लावल्या. सकाली. हूक तुटल्यालं. हालू नको म्हनून पाठीत धपाटा पन घातला व्हता.” मग तिने विचारलं, “तोंड?”

“तोंड पलीकडे आहे गं मावशी. फोटोत नाही आलं.” 

ती फोटोत बघत राहिली. मग हळूच हैबतरावांवर बोट ठेवलं. “ह्ये समोर व्हते ना तिच्या? म्हंजे ह्यांनी बगितली आसंल. वही घेताना हासत व्हती का काय, ह्यांना ठाव आसंल.”

मला हे सुचलंच नव्हतं.

“मी इचारू त्यांना? येनार हायेत ना?”

“विचार,” मी म्हटलं. “बघू कोण अडवतं ते.”

कार्यक्रमाला मांडव घातला, स्टेज बांधलं, खुर्च्या मांडल्या, काचेच्या पेटीत कॅमेरा बसवला. हैबतराव उशिरा आले, कारण वेळेवर येणं म्हणजे काही काम नाही असं लोकांना वाटतं. आल्या आल्या त्यांनी कॅमेऱ्याला नमस्कार केला. मग भाषण झालं. दाजी आणि मी, मी आणि दाजी, मी आणि आदिवासी, मी. टाळ्या झाल्या. मोठ्या फ्रेमवरचा पडदा ओढला, पुन्हा टाळ्या. भाऊजी पुढे बसून सगळं शूट करत होते.

जानी मांडवाच्या कडेला उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून. मी तिचा हात धरला आणि पुढे आणायला लागले. सासूबाई कुजबुजल्या, “अगो, तिला कशाला वर नेतेस? लाज हाय का नाय?” मी म्हटलं, “लाज ज्यांना हवी ते वर बसलेत.” हे जरा मोठ्याने झालं. पुढची रांग वळून बघायला लागली.

हैबतरावांना आधी कळेना. मी सांगितलं, “ही त्या फ्रेममधल्या मुलीची आई.” त्यांचं तोंड लगेच उजळलं. अशी बाई आयती मिळाली तर कोण सोडतं? “या या, माउली!” म्हणत त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

जानीने हात जोडले. तिचा आवाज लहान होता, पण माईक जवळ असल्याने मांडवभर ऐकू गेला. “सायेब, एकच इचारायचं व्हतं. वही घेतली तवा माजी पोर हासत व्हती काय वो? तुमी समोर व्हते. तिचं तोंड कसं व्हतं, येवडंच सांगा.”

खरंच सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाकडून सुद्धा आशा वाटली. खोटं बोलला असता तरी चाललं असतं. हसत होती, वर बघत होती, डोळे चमकत होते, काहीही. दोन शब्द. माणूस रोज इतकं खोटं बोलतो, एक चांगलं खोटं बोलायला काय जातं?

हैबतराव हसले. नजर भाऊजींच्या कॅमेऱ्यावर. “आठवतं तर! सगळं आठवतं. फार चुणचुणीत मुलगा. आता कितवीला आहे?”

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. भाऊजी अंगठा वर करून म्हणाले, “एक नंबर साहेब, अजून एकदा माउलींच्या खांद्यावर हात.”

जानीने तो हात खांद्यावरून काढला नाही, ती नुसतीच त्या हाताखालून निघून आली. मी तिच्या मागे धावले. मांडवाबाहेर रिक्षांच्या रांगेपाशी ती थांबली होती, आणि पिशवीतून आपला छोटा फोटो काढून बघत होती. मी म्हटलं, “मावशी, त्याच्या तोंडाला काळं लागो.”

तिने ऐकलं की नाही कळलं नाही. तिने फोटोतल्या हैबतरावांच्या डोळ्यांवर बोट ठेवलं. मग मुख्याध्यापकांच्या, मग त्या दोन कार्यकर्त्यांच्या, एकेकाच्या.

“ह्ये बी सगले इकडंच बगतायत गो,” ती म्हणाली. “तिच्याकडं कोनीच बगत नाय.”